चार जादा रॉड : दादांच्या पेडल स्टीलच्या नोंदी

८ जानेवारी

दादांचं पेडल स्टील गिटार आज माझ्याकडे आलं. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. तेवढे दिवस केस भिंतीला टेकून तशीच उभी होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, घेऊन जा. बंद पेटीकडे बघत बसणं आता माझ्याच्याने होत नाही. वाजतं करा आणि मला ऐकवा."

काम दोन भागांत आहे. आधी वाद्य वाजतं करायचं. मग आम्ही सहा स्टीलवाल्यांनी याच स्टीलवर काहीतरी वाजवायचं, दादांची एकेक आठवण सांगायची, आणि ते सगळं रेकॉर्ड करून वहिनींना द्यायचं. मुदत मार्चअखेर. सगळ्यांना फोन झाले. कोणीही "बघतो" म्हणालं नाही, सगळे "कधी?" म्हणाले.

पेडल स्टील जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवतो. हे गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ते चार पायांवर आडवं उभं असतं आणि वादक त्याच्यासमोर बसतो. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डावा पाय पेडलांवर, उजवा व्हॉल्यूम पेडलवर, आणि दोन्ही गुडघे लेव्हरच्या मध्ये. पेडल दाबलं की खालचा रॉड तार ताणतो आणि वाजत असलेला स्वर चढतो. बाकीच्या तारा स्थिर असतात, एकच स्वर त्यांच्यामधून सरकत जातो. हा आवाज एकदा कानात बसला की माणूस सुटत नाही. आम्ही सहाही जण असेच अडकलेलो आहोत.

केसमधलं सामान: एका मानेचं, दहा तारांचं स्टील, ई नाईन ट्यूनिंगचं (तारा सुरात लावायची एक पद्धत). तीन पेडलं, चार नी-लेव्हर. बार, दोन जोड नख्या, व्हॉल्यूम पेडल, षट्कोनी पाना, तारांची पाकिटं. आणि तळाशी जुन्या सुती कापडात गुंडाळलेले चार रॉड. दोन लांब, दोन आखूड, फरक साधारण चार बोटांचा. वाद्य उलटं करून बघितलं तर सगळे रॉड जागच्या जागी आहेत, एकही गहाळ नाही. मग हे चार कशाचे, कळलं नाही.

१४ जानेवारी

दिवसभर उलट्या वाद्याशी. जुनं वंगण धूळ धरून घट्ट झालं होतं. चेंजरची बोटं, म्हणजे ज्यांच्या वाकण्याने तार ताणली किंवा सैल केली जाते ते तुकडे, अक्षरशः चिकटून चालत होते. ए पेडल दाबून सोडलं की पाचवी तार पूर्ण खाली येत नव्हती, किंचित चढीच राहायची. बोटं नॅफ्थाने धुऊन, सुकवून, सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल दिलं. इथे जास्त तेल दिलं की पुन्हा धूळ, पुन्हा चिकटा. हे मला दादांनीच शिकवलं होतं. "तेल वाद्याला देतोयस, आपल्या मनाच्या समाधानाला नाही," असं म्हणून त्यांनी एकदा बाटली माझ्या हातातून काढून घेतली होती.

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. पेडलांची मांडणी डे पद्धतीची (जिमी डे या वादकाच्या नावाची) आहे. ते माहीत होतंच, पण आता त्याचा विचार करावा लागेल. आणि पेडलांच्या आडव्या शाफ्टवर, जिथे स्क्रू आवळतो तिथे, पितळी तुकड्यांखाली ठशांच्या दोन-दोन जोड्या आहेत. एक जोड खोल आणि चकचकीत, दुसरी उथळ आणि काळवंडलेली. कधीतरी काहीतरी हलवलं गेलं होतं.

२१ जानेवारी

काका येऊन गेले. आमच्यात सगळ्यांत थोरले. दादांबरोबर त्यांची चाळीस वर्षांची संगत, आणि कंपूत डे मांडणीवर वाजवणारे दोघेच, दादा आणि काका.

मांडणीचा हा विषय स्टीलवाल्यांच्या रक्तातला आहे म्हणून नीट लिहितो. ई नाईनवर ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी एक पूर्ण स्वर चढवून सी-शार्प करतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी-शार्प अर्धा स्वर चढवून ए करतं. सी पेडल चौथीचा ई एफ-शार्पवर आणि पाचवीचा बी सी-शार्पवर नेतं. एमन्स पद्धतीत डावीकडून क्रम ए, बी, सी. डे पद्धतीत सी, बी, ए. त्यानुसार डाव्या गुडघ्याच्या ई चढवणाऱ्या आणि ई उतरवणाऱ्या लेव्हरचीही अदलाबदल होते, कारण ए पेडलवर पाय असताना घोटा ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला गुडघा सहज जातो. आवाजात काडीचा फरक नाही. फरक सगळा शरीराच्या सवयीत.

काकांना ही गोष्ट सांगायला फार आवडते आणि मला ऐकायला. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तारा छेडून झाल्यावर पेडल दाबलं आणि कॉर्डच्या आतले स्वर सरकताना लोकांनी ऐकले. पेडलं त्याआधीही होती, पण ती ट्यूनिंग बदलण्यापुरती. सूर वाजत असताना त्याला हलवणं नवं होतं. ते ऐकून कितीतरी वादकांनी मिळेल त्या लोखंडाची पेडलं आपापल्या गिटारांना बसवून घेतली. पुढे बडी एमन्सने आयझॅक्सच्या एका पेडलचं काम दोन पेडलांत वाटलं, आणि आज आपण ज्यांना ए आणि बी म्हणतो ती जोडी तयार झाली. एमन्स १९३७ चा, इंडियानातल्या मिशावाकाचा. जिमी डे १९३४ चा. दोघे जुने दोस्त. १९६२ मध्ये रे प्राइसच्या वाद्यवृंदात डेच्या जागी एमन्स आला तरी दोस्ती तशीच राहिली. पेडलांचा क्रम मात्र दोघांचा अगदी उलटा, आणि जगभरचे स्टीलवाले आजही या दोघांच्या नावांनी आपली ओळख सांगतात.

"एकमेकांच्या वाद्यावर बसले तर पाय चुकायचा," काका म्हणाले, "पण एकमेकांचं ऐकताना कधी चुकले नाहीत."

मी त्यांना ते चार रॉड दाखवले. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरला, बोटाने त्याचा बाक चाचपला, पुन्हा कापडात गुंडाळला. "राहू देत केसमध्येच," एवढंच म्हणाले. विचारल्यावर विषय बदलला.

२ फेब्रुवारी

नव्या तारा चढवल्या. तिसरी तार, ०.०११ इंचाची, सूर लावतानाच तुटली. अपेक्षित होतं. सगळ्यांत बारीक तार, सगळ्यांत उंच स्वर, आणि वर बी पेडलची ओढ. कुठल्याही दोन स्टीलवाल्यांची पहिली भेट होऊ द्या, पाच मिनिटांत तिसऱ्या तारेची गोष्ट निघणार. दादांच्या पाकिटांत बाकी जाडीची एकेक तार होती आणि ०.०११ च्या तब्बल चौदा.

सुरात लावण्यावरून फोनवर पाऊण तास. ट्यूनर दाखवतो त्या बरोबर जागी जी-शार्प लावला तर ई बरोबर वाजवताना तो खरखरतो, स्पंदनं ऐकू येतात. कानाने स्पंदनं थांबेपर्यंत उतरवला तर तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली जातो. ई हा सा धरला तर जी-शार्प गंधार; शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर आणि समतान, म्हणजे कीबोर्डचा, गंधार ४०० वर, ही ती तफावत. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण एकट्याने शुद्ध वाटलेला गंधार कीबोर्डशेजारी बसला की उतरलेला वाटतो. ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेला आमचा मित्र म्हणून सगळं ट्यूनरवरच लावतो. आमच्यातला गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) वाजवणारा मित्र कानावर लावतो आणि त्यावरून भांडायला तयार असतो.

दादा दोघांच्या मध्ये कुठेतरी लावायचे. त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगांवरून मोजून काढलं: जी-शार्प साधारण ८ सेंट खाली. तसाच लावला. मान्य सगळ्यांना झालं, समाधान कोणाचंच नाही.

९ फेब्रुवारी

ताईंचा दिवस. ताई पेडल वाजवत नाहीत. त्यांचं आठ तारांचं लॅप स्टील, सी सिक्स ट्यूनिंग, मांडीवर. मी विचारलं, दादांच्या स्टीलवर काय वाजवणार? म्हणाल्या, "पेडलांना पाय लावणार नाही. बार आहे ना."

त्या जेरी बर्डला मानणाऱ्या. बर्डने पेडलांचा जमाना आला तरी पेडलं घेतली नाहीत, १९७२ मध्ये हवाईला जाऊन राहिला आणि ज्या बेटांवरून हे वाद्य जगभर गेलं तिथल्याच मुलांना ते शिकवलं. ताई हे सांगतात तेव्हा आवाज थोडा चढतो. मग जोसेफ केकुकूची गोष्ट येतेच: ओआहू बेटावरच्या लाये गावचा मुलगा, जन्म १८७४, शाळकरी वयात रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट गिटारच्या तारांवर घसरला आणि त्या आवाजाने तो थबकला. पुढे शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने पोलादी बार घडवला. १९०४ मध्ये बेट सोडून तो मुख्य भूमीवर गेला, १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. याच काळात होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुणही तारांवर काहीतरी सरकवून वाजवायचा असं सांगितलं जातं. पहिला कोण, यावर ताई बोलत नाहीत. "दोघांनाही तो आवाज ऐकू आला, एवढं मला पुरतं," म्हणतात.

त्यांचा बार मी हातात घेऊन पाहिला. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला अंगठ्यासाठी खळगा. हा बार दादांनी दिलेला. ताईंची आठवण ती हीच, इथे उतरवून ठेवतो, रेकॉर्डिंगला त्या परत सांगतील. बावीस वर्षांपूर्वी, कार्यक्रम चालू असताना ताईंच्या हातातून बार सुटला, रंगमंचावरून घरंगळत गेला आणि फळ्यांच्या फटीत पडला. (बार घरंगळल्याचं दुःख प्रत्येक स्टीलवाल्याने एकदा तरी सोसलेलं असतं.) गायिका अंतरा संपवत होती, पुढची आठ मात्रांची जागा ताईंची. विंगेत दादा उभे होते. ते वाकून, जवळजवळ रांगत आले, स्वतःचा बार ताईंच्या हातात ठेवला आणि तसेच मागे गेले. त्यांचा स्वतःचा कार्यक्रम त्यानंतर लगेच होता. तो त्यांनी स्पार्क प्लग बदलायच्या पान्याच्या नळीने वाजवला आणि नंतर बार परत घेतला नाही. "तुझ्या हातात बसलाय तो," म्हणाले.

ताईंनी वाजवून पाहिलं. पेडलांविना, फक्त बार तिरका करून. ब्रिजभूषण काबरांनी याच जातीच्या गिटारवर राग उभे केले ते आठवलं. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्याबरोबर गिटार त्यांचंच. ताईंच्या मींडेत त्याची सावली आहे आणि हवाईचीही.

१५ फेब्रुवारी

व्हॉल्यूम पेडलची दोरी बदलली. पॉट (आवाज कमी-जास्त करणारा भाग) साफ केला, खरखर गेली. एक तास.

२३ फेब्रुवारी

पहिली तालीम आणि पहिली अडचण. पेडल वाजवणारे आम्ही चार: काका, ऑर्केस्ट्रावाला, गॉस्पेलवाला आणि मी. काका सोडले तर तिघे एमन्स पद्धतीचे. (धाकट्याकडे अजून सहा तारांचं साधं लॅप स्टील आहे, पेडलांवर तो कधी बसलेलाच नाही.) दादांच्या स्टीलवर आम्हा तिघांचे पाय चुकत होते. साधा चौथ्या स्वराचा कॉर्ड, ए आणि बी एकत्र, तो मधलं आणि उजवं पेडल दाबून येतो हे डोक्याला कळतं, पायाला नाही. पाय वीस-पंचवीस वर्षांची वाट चालतो. मी तिसऱ्या फ्रेटवर जी धरला, पाय टाकला, आणि सी मेजरऐवजी भलताच कॉर्ड निघाला.

मग वाद. ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, मांडणी बदलून टाक, तिघांची सोय होईल. गॉस्पेलवाला म्हणाला, दादांची मांडणी हलवायची तर दादांचं स्टील कशाला, माझंच घेऊन येतो. मला दोन्ही पटत होतं. चुकत वाजवलेलं वहिनींना ऐकवायचं नाही, आणि दादांच्या पायाची सवय पुसायचीही नाही. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बदल. बदलून बघ तर खरं."

सगळ्यांत जास्त हरकत त्यांची असेल असं मला वाटलं होतं.

१ मार्च

सकाळी दहाला सुरू केलं. बदलण्याआधी प्रत्येक कोनातून फोटो काढले, प्रत्येक रॉडवर चिकटपट्टी लावून क्रमांक घातले.

काम असं: ए पेडलचे दोन ओढे, म्हणजे तार ओढणारे रॉड (पाचवी आणि दहावी तार), उजव्या शाफ्टवरून डाव्या शाफ्टवर न्यायचे, आणि सी पेडलचे दोन (चौथी आणि पाचवी) डाव्यावरून उजव्यावर. डावा शाफ्ट चेंजरपासून लांब, म्हणून तिथून निघणारे रॉड लांब लागतात आणि उजव्याचे आखूड. शिवाय रॉड सरळ नसतात. मध्ये लेव्हरचे कंस, दुसरे शाफ्ट, त्यांना चुकवत प्रत्येकाला हलका बाक दिलेला असतो. म्हणून चौथीचा रॉड दहावीला चालत नाही, घासतो. म्हणजे चार नवे रॉड कापून, वाकवून करावे लागणार. कागदावर मापं लिहिली: दोन लांब, दोन आखूड, फरक साधारण चार बोटांचा.

लिहिलं आणि हात थांबला.

केसमधून कापड काढलं. पहिला लांब रॉड पाचव्या तारेच्या बोटात घातला. त्याचा बाक गुडघ्याच्या कंसाला अर्ध्या बोटाने चुकवून गेला आणि टोक डाव्या शाफ्टवरच्या पितळी तुकड्यात जाऊन बसलं. तुकडा सरकवला तर स्क्रू त्या काळवंडलेल्या उथळ ठशावर आला. दुसरा दहाव्या तारेला. दोन आखूड चौथीला आणि पाचवीला. चारही बसले. एकालाही हात लावून वाकवावं लागलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या स्टीलची केस गाडीतून उतरवताना पडली आणि टोकाची पट्टी मोडली. दोन दिवसांवर कार्यक्रम, माझा तोवरचा सगळ्यांत मोठा. मी दादांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी मांडणी एमन्सच ना रे?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर स्टील तयार. बसलो, पाय टाकला, जिथे हवं तिथे ए पेडल होतं. मला वाटलं, त्यांच्या स्टीलमध्ये काहीतरी सोय असेल, एखादी कळ फिरवली की क्रम बदलतो. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. कार्यक्रम झाला, चौथ्या दिवशी स्टील परत केलं, आभार मानले. पुढच्या आठवड्यात ते त्यांच्या पद्धतीने वाजवत होते. तेही मला विचारावंसं वाटलं नाही.

अशी कळ नसते. मला आज लेव्हरची अदलाबदल, दोन्ही ई तारांचे रॉड चढवणाऱ्या भोकातून उतरवणाऱ्या भोकात आणि उलट, मग टोकाच्या नायलॉन नटांवर प्रत्येक ओढा सुरात लावणं, हे सगळं संपवायला संध्याकाळचे सहा वाजले. तेही रॉड तयार होते म्हणून. त्यांनी रॉड कापले, वाकवले, घासत नाहीत ना ते पाहिलं, सुरात लावलं, आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा काढलं. एका रात्रीत कापले आणि अकरा वर्षं जपून ठेवले, परत कधी लागले तर असावेत म्हणून.

सहानंतर स्टील सरळ उभं केलं आणि वाजवलं नाही. आज नको वाटलं.

२ मार्च

काकांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या रात्री बॅटरी मी धरली होती. पहाटे तीनपर्यंत. दहाव्या तारेचा रॉड दोनदा चुकला. मी म्हटलं, त्याला सांग, चुकत वाजवू दे. तर म्हणे, पहिल्यांदा मोठ्या ठिकाणी वाजवतोय पोरगा, पायाकडे लक्ष गेलं तर गाण्याकडे कधी जाणार? मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"तू स्वतः बसवून बघितल्याशिवाय कळलं नसतं तुला."

८ मार्च

एमन्स मांडणीवर तिघांची तालीम. ए आणि बी एकत्र दाबली की चौथी तार ३ ते ४ सेंट उतरते. ताणाने पेटीच किंचित वाकते, जवळजवळ प्रत्येक पेडल स्टीलमध्ये हे असतं. दादांच्या स्टीलमध्ये कमी आहे. पिकअपची वायर एका जागी सुटायला आली होती, डाग दिला.

१५ मार्च

रेकॉर्डिंग, पहिला दिवस.

ऑर्केस्ट्रावाला आधी. त्याची आठवण लहान आणि मला नवी. वाद्यवृंदात स्टीलवाला एकटाच असतो, बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात. व्हायोलिनवाल्याला शेजारी दुसरा व्हायोलिनवाला असतो, चुकलं-माकलं विचारायला. आपल्याला कोणी नसतं. तो एकदा कार्यक्रमाआधी घाबरून दादांना म्हणाला, मागे कोणी नाही माझ्या. दादा त्या दिवशी प्रेक्षकांत न बसता पडद्यामागे, त्याच्या खुर्चीच्या बरोबर मागे, तीन तास स्टुलावर बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. सांगताना त्याला थांबावं लागलं. तो भाग कापलेला नाही.

गॉस्पेलवाल्याने उभ्या उभ्या ठेका धरत वाजवलं. तो ज्या परंपरेचा चाहता आहे तिथे स्टील प्रार्थनेत गाणाऱ्या आवाजाच्या जागी असतं. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड चर्चमध्ये विली ईसन यांनी लॅप स्टीलवर माणसासारखा आवाज काढायला सुरुवात केली आणि ती वाट पिढ्यान् पिढ्या चालत आली. दादांना ते वाजवता यायचं नाही. पण त्यांनी ते सहा महिने बसून ऐकलं, का तर याच्याशी बोलता यावं म्हणून. जी-शार्पचं भांडण त्याने माइकवर पुन्हा काढलं, आणि मग दादांच्या ८ सेंटवरच वाजवलं.

मग मी. अकरा वर्षांपूर्वी त्या कार्यक्रमात जे वाजवलं होतं तेच. ए पेडल आणि एफ (ई चढवणारी लेव्हर) यांची जागा, तिसऱ्या फ्रेटवरचा जी सहाव्यावर नेऊन पुन्हा दहाव्यावर ए-बीमध्ये सोडणं. तीच एक कॉर्ड, तीन ठिकाणी, तीन वजनांची. या खेपेला पायाखाली कोणते चार रॉड हलतायत ते मला माहीत होतं. दुसरा टेक घेतला नाही.

रात्री स्टील उलटं केलं. मांडणी परत डे पद्धतीची करायला घेतली. काका थांबले होते. न सांगता बॅटरी त्यांनीच उचलली. यावेळी साडेतीन तास.

१६ मार्च

ताईंनी पेडलांना पाय न लावता वाजवलं आणि बारची गोष्ट सांगितली. नंतर तो बार त्यांनी धाकट्याच्या हातात दिला, फक्त हातात धरून बघायला. त्याने बराच वेळ धरला.

काका शेवटी. ते बसले, बूट काढले, पाय पेडलांवर ठेवून क्षणभर काही वाजवलंच नाही. मग सावकाश, व्हॉल्यूम पेडल अगदी खालून उचलत, लांब एकच स्वर. तार मरायला लागते तसा पाय दाबत जायचा, म्हणजे स्वर विझत नाही, हे कौशल्य त्यांच्याएवढं कोणाकडेच नाही. ते आणि दादा दोन स्टीलवर एकमेकांना धरून जी चाल वाजवायचे तिचा फक्त आपला भाग त्यांनी वाजवला. दादांच्या जागा मोकळ्या सोडल्या. मोजून, पूर्ण मात्रांच्या. खोलीत आम्ही सगळे त्या रिकाम्या मात्रा मनात भरत होतो, आणि मला खात्री आहे की सगळ्यांनी एकच सुरावट भरली.

आठवण सांगायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "झाली सांगून."

२२ मार्च

रेकॉर्डिंग वहिनींना दिलं. त्यांनी आमच्यासमोर ऐकलं नाही. संध्याकाळी फोन आला. काकांच्या तुकड्यातल्या मोकळ्या जागी त्या दादांची ओळ गुणगुणत होत्या, फोनवरसुद्धा. मग म्हणाल्या, "ते पेटीत परत ठेवू नका. त्या धाकट्याला द्या."

धाकटा आज येऊन घेऊन गेला. मी विचारलं, मांडणी कोणती हवी? तू नवा आहेस, पायाला अजून कुठलीच सवय नाही, एमन्सची बसवून देतो, शिकवणारे आम्ही तिघे त्याच पद्धतीचे. त्याने काकांकडे पाहिलं. "आहे तशीच राहू द्या," म्हणाला. काका त्याला दर आठवड्याला शिकवणार आहेत.

केस भरताना चार रॉड पुसून त्याच कापडात गुंडाळले. प्रत्येकावर तारेचा क्रमांक खुणेच्या पट्टीने लावला. वर एक चिठ्ठी बांधली:

"पाहुण्याचं ए पेडल डावीकडे असेल तर हे बसवायचे. लांब दोन, पाचवी आणि दहावी. आखूड दोन, चौथी आणि पाचवी. स्क्रू जुन्या ठशावर आवळणे. बॅटरी धरायला एक माणूस लागतो."